फौज इंग्रजांची, पगार निजामाचा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत एकेकाळी ‘हैदराबाद कंटिन्जंट’चे घोडदळ असे. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. हैदराबाद ही वसाहत नव्हे, मांडलिक संस्थान. पण संरक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, हा वसाहतींतला वाद इथेही होता.

ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या 1800 च्या तहानुसार निजामाने युद्धकाळी 6 हजार पायदळ व 9 हजार घोडदळ पुरवायचे होते. कंपनीच्या तैनाती फौजेसाठी त्याने मुलूख आधीच तोडून दिला होता. तरीही कंटिन्जंट ही दुसरी फौज शांततेतही कायम उभी राहिली. तहात ते कुठे आहे, हा निजामाचा प्रश्न रास्तच होता. पगार थकले की कंपनी ते भागवी आणि निजामाच्या नावे कर्ज मांडी. कर्ज फुगले, तसा घासाघिशीत त्याचा आवाज क्षीण झाला. अखेर 1853 मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले.

1857 च्या उठावात, जूनमध्ये, संभाजीनगरच्या याच छावणीतले घोडदळ बिथरले. निजाम मात्र इंग्रजांकडे राहिला. त्याचे बक्षीस म्हणून 1860 मध्ये धाराशिव, रायचूर परत मिळाले, कर्जही माफ झाले. वऱ्हाड सुटले नाही. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली.