माळावरचा डबा

घरातली वस्तू गेली म्हणजे आपण चोराच्या नावाने बोटे मोडतो. पण चोरानेच लेखणी हाती घेतली तर? वाचकहो, हा लेख अशाच एका चोराने लिहिला आहे. चोरी जाणूनबुजून केलेली नव्हती, एवढेच काय ते समाधान.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी शेळ्या राखायला गावामागच्या माळावर जात असे. एके दुपारी एक करडू खडकाच्या कपारीत शिरले. त्याला ओढून काढताना आत एका चपट्या दगडाखाली झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा हाताला लागला. उघडून पाहिला तर आत एक छोटी वही, पेन्सिल, चावीची साखळी, प्लॅस्टिकचा इवलासा घोडा, एक परदेशी नाणे आणि इंग्रजीत काही छापलेला कागद. मला तेव्हा इंग्रजी अक्षरे लावता येत, अर्थ लागत नसे. मी आनंदाने डबा घरी आणला.

आई म्हणाली, "कुणाचा गं हा?"

"सापडला."

"सापडला म्हंजे कुणाचा तरी हरवला असंल."

वडील म्हणाले, "माळावर पडलेलं कुणाचं नसतं. राहू दे."

घोडा धाकट्या भावाला मिळाला. वहीच्या पहिल्या काही पानांवर कोणाकोणाची नावे व तारखा होत्या. ती पाने मी फाडली आणि उरलेल्या पानांवर गणिते सोडविली. डब्यात आईने हळद भरली.

पुढे महाविद्यालयात आल्यावर भूगोलाच्या तासाला सरांनी उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील स्थान कसे निश्चित करतात ते शिकविले, आणि त्यावरून निघालेल्या एका खेळाची हकीकत सांगितली. लोक कुठेतरी डबा लपवितात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करतात आणि अनोळखी माणसे तो डबा शोधीत येतात. प्रत्येक डब्याला एक क्रमांक असतो व त्याच्या आरंभी 'जीसी' ही दोन इंग्रजी अक्षरे असतात. मी जागच्या जागी गार झाले. आमच्या हळदीच्या डब्याच्या झाकणावर पुसट झालेली ती दोन अक्षरे मी रोज पाहत होते! त्या संध्याकाळी झाकण पुसून तो क्रमांक मोबाईलवर घातला. पान उघडले. त्यावर काय होते ते सांगण्यापूर्वी हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते.

या खेळाचे नाव जिओकॅशिंग आणि लपविलेल्या डब्याला म्हणतात जिओकॅश. येथे कॅश म्हणजे रोकड नव्हे. फ्रेंच भाषेतील 'लपविणे' या अर्थाच्या शब्दावरून तो आला आहे. खेळ जन्मला तो अमेरिकेत. जी. पी. एस. ही अमेरिकेची उपग्रहयंत्रणा पूर्वी सामान्य नागरिकांना मुद्दाम सदोष संदेश देत असे, त्यामुळे स्थान शंभर-शंभर मीटरने चुके. मे २००० च्या आरंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा अडसर काढण्यात आला. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपविली, तीत काही वस्तू व वही ठेवली आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, एवढाच नियम. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती. तेथवर पोहोचणाऱ्याने आपली भेटपत्रिका तीत टाकावी, अशी प्रथा पडली. उपग्रह असो वा नसो, 'मी येथवर आलो होतो' हे पुढच्या माणसाला सांगावेसे वाटणे हाच या खेळाचा प्राण आहे. म्हणून डब्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वही. घोडा, नाणे, साखळी या अदलाबदलीच्या वस्तू, त्या गेल्या तरी खेळ चालतो. परंतु वहीतील नावे पुन्हा मिळत नाहीत. आणि मी नेमकी तीच पाने फाडली होती.

आता त्या पानाविषयी. जामखेडला परदेशी पाहुण्यांचे नवल नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे सुरू केलेले ग्रामीण आरोग्याचे काम पाहायला व शिकायला देशोदेशीचे लोक येतात. आमच्या माळावरचा डबाही एका परदेशी प्रवाशानेच ठेवला होता. त्याने लिहिले होते की, येथून सूर्यास्त फार सुंदर दिसतो, तो लोकांनी पाहावा म्हणून ही जागा निवडली. त्याखाली डबा सापडलेल्यांच्या आनंदाच्या चार नोंदी होत्या. मग दिवाळीनंतरच्या महिन्यांत तीन नोंदी 'सापडला नाही' अशा. त्यांतील एकाने लिहिले होते की, आम्ही पुण्याहून खास आलो, भर उन्हात दोन तास एकेक दगड पाहिला. शेवटी मालकाची नोंद: डबा बहुधा चोरीला गेला, मी दूर असल्याने नवा ठेवू शकत नाही, म्हणून बंद करीत आहे.

ते दोन तास माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले, आणि कळले की डबे नाहीसे होणे ही या खेळाची जगभरची डोकेदुखी आहे. तिची कारणे चार प्रकारची दिसतात.

पहिले कारण निसर्ग. पावसाच्या लोंढ्याने डबा वाहून जातो, वणव्यात वितळतो, माकडे व उंदीर तो पळवितात किंवा कुरतडतात. पुष्कळदा चोरी म्हणून बोंब होते आणि चोर निघतो ओढ्याचा पूर.

दुसरे कारण अजाण माणूस. मुले, गुराखी, झाडलोट करणारे, शेतकरी. त्यांना डबा सापडतो, पण तो काय आहे हे कळत नाही. माझी गणना यांत. कधी हा अजाणपणा मोठे रूप धारण करतो. इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ साली एका माणसाला रस्त्याकडेला डबा ठेवताना कोणी पाहिले. संशय आला, रस्ता रिकामा करण्यात आला आणि बॉम्बपथकाने तो निरुपद्रवी डबा स्फोट करून उडविला.

तिसरे कारण खोडसाळपणा. डबा फोडणे, जाळणे, वहीत घाण लिहिणे. यात लाभ काहीच नसतो. किल्ल्याच्या भिंतीवर आपले नाव कोरणाऱ्याची जी वृत्ती, तीच ही.

चौथे कारण सर्वांत वाईट, ते म्हणजे घरभेदी. खेळातीलच एखादा मनुष्य मत्सराने किंवा भांडणाच्या रागाने दुसऱ्याचे डबे एकामागून एक उचलतो. जागा त्याला ठाऊकच असतात.

मग उपाय काय? कुलूप लावावे म्हटले तर अनोळखी माणसाने उघडावे हाच डब्याचा हेतू. पहारा ठेवता येत नाही. तेव्हा अनुभवी मंडळी जे उपाय करतात ते असे:

१. जागा विचारपूर्वक निवडावी. पायवाटेवरून सहज दिसेल अशी नको. शोधणाऱ्याला इतरांच्या नजरेत न येता डबा काढता व ठेवता यावा. जमीन खणून पुरण्यास या खेळात मनाई आहे. खर्ड्याच्या किल्ल्यासारख्या जुन्या बांधकामाचा दगड हलवून तर कधीही ठेवू नये, नाहीतर चोरी टाळता टाळता आपणच नासधूस करायचो.

२. मौल्यवान वस्तू ठेवूच नये. जेवढा ऐवज कमी तेवढा मोह कमी. पुष्कळ जण बोटाएवढ्या नळीत केवळ नोंदीच्या कागदाची गुंडाळी ठेवतात. खाद्यपदार्थ ठेवल्यास जनावरे डबा फोडतात.

३. डब्यावर बाहेरून हा काय आहे ते स्पष्ट लिहावे व आत चिठ्ठी ठेवावी. पारदर्शक डब्याने संशय कमी होतो.

४. वहीच्या पानांची छायाचित्रे अधूनमधून घेऊन ठेवावीत. डबा गेला तरी नावे राहतात.

५. 'सापडला नाही' अशी नोंद शोधणाऱ्याने प्रामाणिकपणे करावी. पुष्कळांना त्यात कमीपणा वाटतो, पण त्याच नोंदीवरून मालकाला सुगावा लागतो. मात्र आपणच दुसरा डबा ठेवून 'सापडला' असे लिहू नये. जुना डबा जागेवरच असला तर एकाचे दोन होतात आणि घोळ वाढतो.

६. मालकाने स्वतः जाऊन पाहावे आणि तोवर डबा तात्पुरता बंद म्हणून जाहीर करावा. म्हणूनच प्रवासात लपविलेल्या डब्यांना सहसा परवानगी मिळत नाही. ज्याला परत येता येत नाही त्याने निदान गावातील कोणावर तरी देखभाल सोपवावी.

७. खोडसाळ माणसावर जाहीर आगपाखड करू नये. त्याला हवा असतो तो आपला संताप. शांतपणे जागा बदलावी. एकाच जागी तीन-चार वेळा डबा गेला तर ती जागा सोडावी. काही जण अक्षांश-रेखांश उघड न देता कोडे घालतात. एवढी मेहनत घेऊन चोरी करणारे विरळा.

हे सारे उपाय शहाणपणाचे आहेत. पण वाचता वाचता एक गोष्ट मला खटकली. या खेळाबाहेरच्या माणसाला तेथे 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांत ज्यांना जादू येत नाही अशा सामान्य माणसांना हा शब्द आहे. डबा बाहेरच्या कोणी नेला की तो 'मगल' झाला म्हणतात. शब्द थट्टेचा आहे, त्यात द्वेष नाही हे मी जाणते. तरी माळावर रोज शेळ्या राखणारी मी त्या माळावर बाहेरची, आणि एका संध्याकाळी येऊन गेलेला प्रवासी आतला, हा हिशेब मला पटत नाही. या खेळाच्या नियमांतच असे आहे की, जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन मगच डबा ठेवावा. तो नियम पाळताना सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो तर विचारात घ्यावाच, पण त्या जमिनीवर ज्यांचा रोजचा वावर आहे त्यांनाही सांगावे. आमच्या गावात एखाद्याने पारावर बसून "वर एक डबा ठेवला आहे, लोक तो बघायला येतील, जरा लक्ष ठेवा" एवढे म्हटले असते, तर सारा गाव त्याचा राखणदार झाला असता. त्या चिठ्ठीत इंग्रजीखाली मराठीत दोन ओळी असत्या, तर मी वहीत माझेही नाव लिहून डबा परत ठेवला असता.

आपल्याकडे ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. जुन्या गढ्यांत व वाड्यांत गुप्तधन असल्याची बोलवा गावोगाव असते. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ सालचा कायदा आजही आहे. अशा मुलखात अनोळखी माणसे हातात यंत्र घेऊन दगड उलथे करताना दिसली, तर लोकांनी काय समजावे? संशय वाढला की डबा तर जातोच, प्रसंगी शोधणारा मार खातो.

याचा अर्थ आमच्याकडे चूक नव्हती असा नाही. "माळावर पडलेलं कुणाचं नसतं" हे वडिलांचे म्हणणे मी तेव्हा सोयीचे म्हणून मानले. डबा पडलेला नव्हता, दगडाखाली नीट ठेवलेला होता. हे मला तेव्हाही दिसत होते. आईने विचारलेला प्रश्नच खरा होता. एसटीच्या बाकावर राहिलेली पिशवी, ग्रंथालयाच्या पुस्तकातील फाडलेले पान, पाणपोईवरचा साखळीने बांधावा लागणारा पेला, हे सारे एकाच प्रश्नाचे विषय आहेत. जे सर्वांसाठी ठेवले आहे ते कोणाचेच नाही असे समजायचे, की आपलेही आहे असे समजायचे?

असो. गेल्या महिन्यात आईकडून तो डबा मागून घेतला. हळदीसाठी तिला दुसरी बरणी आणून दिली. डबा कितीही घासला तरी पिवळेपणा गेला नाही. सरांच्या मदतीने मालकाला इंग्रजीत पत्र लिहून सर्व हकीकत कळविली, क्षमा मागितली आणि त्याची संमती असेल तर तो डबा मी त्याच कपारीत ठेवीन व सांभाळीन, असे लिहिले. अद्याप उत्तर आलेले नाही. नवी वही मात्र आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर मराठीत लिहिले आहे: 'हा डबा हरवलेला नाही. उघडून पाहा, आपले नाव लिहा आणि जागेवर ठेवा.'

वडिलांनी ते पान वाचायला लावले. ऐकून म्हणाले, "खाली माझंबी नाव घाल. मी रोज जातोच तिकडं."