निद्रिस्त जंतूंचें औषध

गेल्या पावसाळ्यांत धाकट्या नातवास अतिसार झाला, तेव्हां डॉक्टरांनीं मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर एक कुपी दिली. तिच्या ५ मिलिलिटर पाण्यांत 'बॅसिलस क्लॉसाय' नामक जंतूचे २ अब्ज बीजाणु आहेत, हें ऐकतांच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पोटांत आधींच जंतु, त्यांत हे आणखी!"

खरी शंका निराळीच होती. दह्यांतील पुष्कळसे जंतु जठरांतील आम्लानें मरतात. मग हे कसे तरतात? अन्नाचा दुष्काळ पडला कीं हा जंतु आपल्या देहांतच लहानशी कोठडी बांधतो, तींत आपलें गुणसूत्र ठेवतो, आंतील पाणी काढून टाकतो व वर प्रथिनांचीं कवचें चढवितो. मूळ देह नष्ट होतो, बीजाणु निजून राहतो. फर्डिनांड कोन यानें १८७६ सालीं गवतावरील जंतूंत हें वर्णिलें. उकळल्यानेंहि ते बीजाणु मरेनात! आंतड्यांत पोषण मिळतांच कांहीं जागे होतात आणि प्रतिस्पर्धी जंतूंस मारक द्रव्यें स्रवतात. मलमांतील बॅसिट्रासिन हें अशाच एका भाऊबंदाचें. तो १९४३ सालीं अमेरिकेंत ट्रेसी आडनांवाच्या मुलीच्या जखमेंत सांपडला, म्हणून तें नांव.

ज्याची रोगप्रतिकारशक्ति क्षीण, त्यास मात्र हे बीजाणु डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नयेत. नातू बरा झाला. श्रेय कुपीचें कीं मीठ-साखरेच्या पाण्याचें, हा वाद घरांत चालूच आहे. माझें मत पाण्याच्या बाजूचें.