गोळ्यांइतकाच घरातला सूर

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात तरण्या मुलाला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, की 'बाहेरचं काही असेल' हीच शंका बहुधा आधी येते. लोणीच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचारतज्ज्ञांकडे पोचेपर्यंत महिने निघून जातात. मग गोळ्या सुरू होतात, आवाज ओसरतात, मुलगा घरी येतो. खरी कसोटी इथून पुढे, आणि नेमकं इथेच घरच्यांना कोणी काही शिकवत नाही.

लंडनमध्ये 1950च्या दशकापासून जॉर्ज ब्राउन यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या अशाच, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास केला. टोचून बोलणं, राग आणि अतिकाळजी जिथे जास्त, तिथे आजार उलटण्याचा धोकाही जास्त, हे त्यातून पुढे आलं. आजार घरच्यांमुळे होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. आईबापांवर तो ठपका ठेवणं क्रूरपणाच आहे.

'सगळे रानात गेले, तू अजून लोळतोयस!' हे वाक्य मायेपोटीच येतं, पण लागतं. हा निरुत्साह आळस नव्हे, आजाराचाच भाग असतो. कधी गोळ्यांची गुंगीही असते. त्यापेक्षा 'चल, गाईला वैरण टाकू' म्हणावं, सोबत जावं, एक पेंढी त्याच्या हातात द्यावी. उद्याही एकच. काम लहान असू द्या, पण ते त्याचं असू द्या. 'लग्न लावून द्या, सुधारेल' म्हणणाऱ्यांना मात्र ठाम नकार द्यावा. आणि बरा दिसतोय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत.

कॅल्गरी विद्यापीठातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया जवळून पाहिला आणि 1997मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. संस्थेच्या भाषेत रुग्ण म्हणजे शुभार्थी, सांभाळणारा तो शुभंकर. दोघांसाठीही तिथे आधारगट चालतात. अशी बैठक पुण्यातच का असावी?

साताऱ्यासह गोवा आणि तामिळनाडूत झालेला एक प्रयोग 2014मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्याशी आणि कुटुंबाशी बोलत. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा याने लक्षणं थोडी अधिक उतरली. फरक माफकच, पण हे काम गावातली आशाताईही शिकू शकेल. ती व्यवस्था पुणतांब्यात यायलाच हवी. तोवर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. त्यावर मुलाबद्दल विचारता येतं, तसंच रात्र रात्र जागणाऱ्या आईला स्वतःबद्दलही बोलता येतं.