संडास लाइन बदलण्याचं काम : ४० फुटांचं कोटेशन कसं काढायचं?

मागच्या व्हिडिओत आपण कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सर्व्हिस धंद्यांची यादी पाहिली. त्यातल्या एका कामाबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न आले, ते म्हणजे घराची ड्रेनेज लाइन बदलणं. आपल्या भाषेत संडास लाइन. व्हिडिओत हिशेब तोंडी सांगून भागत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

या कामाला आपल्याकडे मागणी का आहे?

यवतमाळ असो, पुसद असो की दिग्रस, जुन्या वस्तीतली घरं बघा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांत जमिनीखाली चिनी मातीचे नाहीतर सिमेंटचे पाइप आहेत आणि त्यांचे जोड सिमेंटने भरलेले आहेत. त्यात आपली जमीन भारी काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते. जमीन हलली की पाइपही हलतो, पण सिमेंटचा जोड वाकत नाही, तो तडकतो. त्या फटीतून झाडाची मुळं आत शिरतात, माती शिरते आणि मग दर दोन महिन्यांनी चोकअप.

घरमालक दरवेळी कोणाला तरी बोलावून स्प्रिंग मारून घेतो. चार-पाच वेळा पैसे गेले की तो विचारतो, "दादा, एकदाचं नवीनच करायला किती लागतील?" तुमचा धंदा या प्रश्नापासून सुरू होतो.

आधी निदान, मग कोटेशन

सगळ्याच चोकअपला लाइन बदलावी लागत नाही. ग्राहकाचे पैसे वाचवलेत तर तोच तुम्हाला दहा घरं मिळवून देईल. तपासायची साधी पद्धत अशी :

- सेप्टिक टँकचं झाकण उघडा. थोडा वेळ तसंच राहू द्या. बिडी, काडी, मोबाइलचा टॉर्च घेऊन तोंड आत घालणं, हे काहीही करायचं नाही. दुरूनच बघा.
- टँकमधलं पाणी येणाऱ्या पाइपच्या तोंडापर्यंत चढलेलं असेल, तर दोष पुढे आहे. टँक भरलाय किंवा शोषखड्डा पाणी पीत नाही. लाइन बदलून काही उपयोग होणार नाही.
- टँकमध्ये पाणी नेहमीच्या पातळीला आहे आणि तरी संडासात पाणी तुंबतंय, तर दोष मधल्या लाइनमध्ये आहे.
- बादलीभर पाण्यात नीळ कालवून भांड्यात ओता. टँकवर रंग उशिरा आला किंवा आलाच नाही, तर पाइप बसलाय, फुटलाय किंवा तुंबलाय.
- चोकअप दरवेळी एकाच जागी होत असेल, तर तेवढाच तुकडा बदलून भागतं का ते आधी बघा.

काम कसं करायचं?

१) उताराचं गणित. चार इंची लाइनला १ : ४० हा जुना, खात्रीचा उतार. म्हणजे ४० फुटांना १ फूट, १० फुटांना ३ इंच. खोदाई वाचवायला लाइन सपाट टाकली की पाणी जातं, मैला मागे राहतो. पाणसळ लावून प्रत्येक पाइप तपासा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

२) पाइप कोणता? दुकानात "चार इंची द्या" म्हणू नका. मैल्याच्या लाइनला आयएस १३५९२ चा टाइप बी पाइप लागतो. टाइप ए हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या लाइनसाठी असतो. तो स्वस्त पडतो म्हणून बरेच जण तोच गाडतात. जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी आयएस १५३२८ चा वेगळा पाइपही मिळतो. पाइपवर छापलेला नंबर ग्राहकाला दाखवा, फोटो काढून ठेवा. रबर रिंगचा जोड घेतलात तर काळ्या जमिनीत तो थोडी हालचाल सहन करतो.

३) खोदाई. टँककडच्या खालच्या टोकापासून सुरू करा आणि घराकडे चढत या. पाइपचं रुंद तोंड, म्हणजे सॉकेट, घराच्या बाजूला ठेवा. चर खोल होत असेल तर काठावर मातीचा ढीग लावू नका. छातीएवढ्या खोल चरात आधार लावल्याशिवाय माणूस उतरवू नका, कारण काळी माती एकदम ढासळते.

४) गादी. पाइपच्या खाली, बाजूला आणि वर रेती नाहीतर बारीक मुरूम टाका. निघालेली काळी माती परत पाइपला चिकटवली, तर दोन-चार वर्षांत जुनाच त्रास परत येईल. गेटखालून ट्रॅक्टर किंवा गाडी जाणार असेल, तिथे पाइपभोवती काँक्रीट करा.

५) चेंबर. लाइन जिथे वळते, जिथे दुसरी लाइन मिळते, तिथे चेंबर हवं. जमिनीत काटकोनी बेंड गाडू नका. उद्या चोकअप झाला तर स्प्रिंग आत घालायला जागा राहिली पाहिजे.

६) पिण्याच्या पाण्याची लाइन. आपल्याकडे नळ ठरावीक वेळच येतो. बाकी वेळ पाइप रिकामा असतो आणि जोड सैल असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढून घेतो. म्हणून नळाची लाइन वर आणि लांब ठेवा. एकाच चरात दोन्ही टाकायच्या नाहीत.

७) चाचणी. माती लोटण्याआधी खालचं तोंड बंद करा, लाइन पाण्याने भरा, पातळीवर खूण करा आणि अर्धा तास थांबा. हे ग्राहकासमोर करा. उरलेलं बिल मागताना हाच अर्धा तास कामाला येतो.

रस्ता फोडायचा असेल किंवा नगर परिषदेच्या भुयारी गटाराला जोडायचं असेल, तर परवानगी आधी घ्या. आणि शोषखड्डा नवीन करायचा असेल तर विहिरीपासून किमान १८ मीटर लांब ठेवा. काळ्या मातीत तो पाणी पीत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं.

आता मुद्द्याचं : पैसा कुठे जातो?

खालचे दर मी हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमच्या गावातले दर टाका, रचना तीच राहील. काम : ४० फूट लाइन, ३ चेंबर, वर फरशी.

- पाइप, १० फुटी ५ नग (एक जास्तीचा), १,००० दराने : ५,०००
- फिटिंग, रिंग, ट्रॅप : ३,०००
- चेंबर ३, प्रत्येकी २,५०० : ७,५००
- रेती-मुरूम पोचवून : ३,५००
- खोदाई, २ मजूर २ दिवस, ६०० रोज : २,४००
- प्लंबर २ दिवस आणि मदतनीस : ३,२००
- फरशी फोडणे आणि परत बसवणे, ६० चौरस फूट : ६,०००
- टँक उपसायची सक्शन गाडी, एक फेरी : २,५००
- मलबा उचलणे : १,५००

एकूण खर्च : ३४,६०० रुपये.

जरा थांबा आणि ही यादी परत वाचा. ज्या पाइपच्या भावावर ग्राहक तुमच्याशी घासाघीस करतो, तो पाइप साधारण सातवा हिस्सा आहे. फरशी आणि चेंबर मिळून १३,५०० होतात. नवीन पोरं पाइप आणि मजुरी धरून "पंधरा-सोळा हजारांत करून देतो" म्हणतात आणि फरशी, मलबा, सक्शन गाडी यांत बुडतात. मग एकतर काम अर्धं सोडतात, नाहीतर काळी माती लोटून मोकळे होतात. दोन्हीत नाव जातं, आणि छोट्या गावात नाव गेलं की धंदा संपला.

पुढचा हिशेब :

- अचानक निघणाऱ्या खर्चासाठी १० टक्के : ३,४६०. बेरीज ३८,०६०.
- तुमचा नफा, खर्चावर १५ टक्के : ५,७०९. बेरीज ४३,७६९.
- कोटेशन : ४४,००० रुपये, म्हणजे फुटाला १,१००.

एक गोष्ट लक्षात घ्या. खर्चावर १५ टक्के लावले म्हणजे विक्रीवर १५ टक्के सुटले असं नाही. ५,७०९ ला ४३,७६९ ने भागा, १३ टक्केच येतात. ग्राहकाने "पाच हजार कमी करा" म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर तुमचा जवळपास सगळा नफा गेला. कमी करायचंच असेल तर काम कमी करा : "काकाजी, फरशी तुमच्या मिस्त्रीकडून बसवून घ्या, तेवढे सहा हजार कमी करतो."

पैसे तीन टप्प्यांत घ्या. सामान आणण्याआधी निम्मे, २२,०००. पाण्याची चाचणी झाल्यावर ३० टक्के, १३,२००. फरशी बसल्यावर उरलेले ८,८००. हे कोटेशनवरच लिहा आणि सही घ्या. आपल्याकडे कापूस-सोयाबीन विकल्यावर घराची कामं निघतात, त्यामुळे हिवाळा आणि उन्हाळा हाच तुमचा सीझन. पावसाळ्यात चर भरतो, तेव्हा फक्त तातडीचीच कामं घ्या.

एक काम कधीच घ्यायचं नाही

"टँकमध्ये उतरून साफ करून दे, हजार जास्त घे." हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. उत्तर एकच : नाही.

टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते. म्हणून वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. पहिला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात एकाच टाकीत पाच मजूर असेच गेले.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँक किंवा गटारात उतरवायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठेकेदारामार्फत उतरवलं तरी सुटका नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. पण पैशाचं सोडा, तुमच्या भरवशावर आलेला मजूर संध्याकाळी घरी गेला पाहिजे. म्हणून कोटेशनमध्ये सक्शन गाडीची ओळ कायम ठेवा. ग्राहकाने ती काढायला लावली तर काम सोडा.

एका कामावरून कायमचं गिऱ्हाईक

साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर या दोन नगर परिषदांनी २०१८ पासून वेगळी पद्धत सुरू केली. टँक तुंबायची वाट न बघता खासगी कंत्राटदाराची गाडी ठरलेल्या वेळापत्रकाने, तीन वर्षांतून एकदा, प्रत्येक घरी जाते आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेते. तुम्ही हे छोट्या प्रमाणात करू शकता. प्रत्येक ग्राहकाचं नाव, लाइनचा नकाशा आणि टँक उपसल्याची तारीख रजिस्टरमध्ये लिहा. दोन-तीन वर्षांनी तुम्हीच फोन करा.

कागदपत्रं आणि भांडवल

- उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.
- सर्व्हिस धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.
- ग्राइंडर, ब्रेकर, स्प्रिंग यासाठी मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं.
- पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे, प्लंबर नाही. अर्ज करण्याआधी हे बघा.
- काम येत नसेल तर आयटीआयचा एक वर्षाचा प्लंबर ट्रेड करा, किंवा चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली एक सीझन काढा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या ओळखीच्या एका घराची लाइन मोजा, वरच्या नऊ ओळींत तुमच्या गावचे दर भरा आणि फुटाला किती येतात ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातली तीन कोटेशनं घेऊन कुठे काय सुटलं ते आपण ओळीओळीने तपासू.