पदकाआधीचा दरवाजा

घाटकोपरच्या आमच्या वस्तीतून दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री भीमा कोरेगावला गाड्या निघतात. गेल्या खेपेला माझा एक विद्यार्थी शेजारी बसला होता. लोणावळा मागे पडल्यावर त्याने विचारले, "सर, आपल्यात परमवीरचक्र कुणाला मिळालंय?" मी चटकन उत्तर दिले नाही. कारण त्याआधी दुसरा प्रश्न उभा राहतो. पदकापर्यंतची वाट आपल्याला मोकळी होती कधी?

पदक कसे मिळते ते पाहू. रणांगणावर पराक्रम घडतो. त्याला साक्षीदार लागतात. पलटणीचा प्रमुख शिफारस लिहितो आणि ती पायरीपायरीने वर जाते. म्हणजे हातात शस्त्र हवे, पाहणारा डोळा हवा आणि लिहिणारी लेखणी हवी. यांतले एक जरी नाकारले, तरी शूर माणूस इतिहासाला शूर म्हणून दिसत नाही.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावी जी पलटण लढली, तिच्यातल्या मृतांची नावे स्तंभावर आहेत. त्यांत 'नाक'ने संपणारी महारांची नावे बावीस. फौज इंग्रजांची होती, पगारही त्यांचाच होता. हे लपवण्याचे कारण नाही. पण गावाने ज्यांना वेठीपुरते ओळखले, त्यांची नावे निदान दगडावर आली.

पुढे इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत काढला आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती थांबवली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट विलायतेपर्यंत नेली. १९११ साली व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना खुला झाला. तेव्हा आमच्या माणसांना फौजेचाच दरवाजा बंद होता! पदकाच्या यादीत नाव नाही म्हणून कुणी शौर्य मोजू लागले, तर त्याला ही तारीख दाखवावी.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली '१११ महार' पलटण उभी केली. गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. सुभेदाराचे पुत्र असलेले बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला स्तंभापाशी आले, ते केवळ वंदनासाठी नव्हे. बंद दरवाजाची आठवण त्यांना द्यायची होती. अखेर १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. नंतर काही वर्षांतच, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात, तिच्या नाईक कृष्णा सोनावणे यांनी महावीरचक्र मिळवले. शौर्य नव्याने आले नव्हते, दरवाजा उघडला होता.

आणि परमवीरचक्र? ते याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळाले. जन्म मुंबईचा, १९४६ चा. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावली, त्याला ठार केले आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम दिले.

"पण सर, ते आपले नव्हते," विद्यार्थी म्हणाला. मी म्हटले, "बाबा रे, ज्या नावाची सावलीही टाळली जाई, त्या नावाच्या पलटणीत तामिळ अधिकारी लढला आणि पडला. जातीचा हिशेब तिथे मोडला. तो तू पुन्हा मांडू नकोस."

माझे थोरले चुलते याच रेजिमेंटमध्ये शिपाई होते. पदक नव्हते. निवृत्तीनंतर मुलुंडला एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून त्यांनी बारा वर्षे काढली. येणारेजाणारे त्यांना 'ए वॉचमन' म्हणत. माझी कॉलेजची फी त्यांच्या पेन्शनीतून भरली गेली, म्हणून घरातला पहिला पदवीधर मी झालो. ते कुठे लढले, हे मी कधी विचारले नाही. ते गेल्यावर ट्रंकेत फक्त डिस्चार्ज बुक सापडले.

आता लेखणी आपल्या हातात आहे. घरोघरच्या शिपायांचे नाव, पलटण, साल आणि लढाई, ते हयात आहेत तोवर लिहून घ्या. हे काम माझ्या हातून राहिले. तुमच्या हातून राहू नये.