स्मृतिभ्रंश, वार्धक्य आणि भाषा : एक परिचय

प्रस्तावना
‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत सर्रास वापरली जाते. म्हातारपणी विसर पडायचाच, असे गृहीत धरल्याने एक आजार आजार म्हणून ओळखलाच जात नाही. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्यांची रुग्ण ऑगस्टे डेटर रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. अर्थात, हा केवळ वयाचा दोष नव्हे.

आजाराचे स्वरूप
स्मृतिभ्रंश ही अनेक लक्षणांच्या समूहाला दिलेली संज्ञा असून अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूत अमायलॉइड व टाऊ ही प्रथिने साचतात आणि पेशी हळूहळू नष्ट होतात. नवी आठवण साठवणारा भाग आधी बाधित होतो. त्यामुळे सकाळचे जेवण आठवत नाही, पण बालपणीचे गाव आठवते. बाजारातून मीठ आणायचे विसरणे वेगळे आणि नेहमीच्या बाजारातून घरचा रस्ता न सापडणे वेगळे. पुढे संशय, चिडचिड व परावलंबन वाढते. ‘सुनेने पैसे चोरले’ या आरोपामागे अनेकदा स्वभाव नसून आजार असतो.

भारतातील स्थिती
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार ६० वर्षे व त्यावरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रिया, ग्रामीण रहिवासी आणि अल्पशिक्षित यांच्यात प्रमाण अधिक आढळले.

भाषेचा प्रश्न
बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजी हा महाराष्ट्राच्या सीमेकडील तालुका. या जिल्ह्यात कचेरी व शाळेची भाषा हिंदी, तर अनेक घरांची मराठी किंवा पोवारी. स्मृतिचाचणीत तारीख, वजाबाकी, वाचन, लेखन यांचे प्रश्न असतात. निरक्षर आजीला ते सुटले नाहीत, तर तो आजार की शाळेचा अभाव? याच अडचणीमुळे हरियाणातील बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी तयार करण्यात आली. परंतु जिची बोली हिंदी नाही, तिला तीही पूर्ण न्याय देणार नाही. प्रश्न न कळणे म्हणजे विसरणे नव्हे. म्हणून तपासणीवेळी घरची भाषा जाणणारी व्यक्ती सोबत असणे आवश्यक आहे.

उपचार व काळजी
आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. काही औषधांनी लक्षणे काही काळ सौम्य होतात. मात्र ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार व नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणूनच तपासणी टाळू नये. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे यांमुळे धोका कमी होतो. रुग्णाशी वाद घालू नये. दिनक्रम ठरलेला ठेवावा. काळजी घेणाऱ्या व्यक्तीलाही विश्रांती मिळाली पाहिजे. बहुधा ती घरातील सून किंवा मुलगी असते.

शिक्षकांची भूमिका
सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात संस्कृतच्या एका विद्वानाला हाच आजार होतो. विद्वत्ताही यातून सुटका देत नाही, हे वर्गात सांगण्यास तो उपयुक्त आहे. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबा असतात. विसराची लक्षणे केव्हापासून दिसतात, याची घरच्या भाषेत नोंद करून ती डॉक्टरांना दाखवणे विद्यार्थ्यांना सहज जमेल. म्हणीने झाकलेला आजार अशा नोंदीतूनच उघड होऊ शकतो.