एक पिक्सेल, एक गुंठा

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना जिल्ह्यातल्या आठपैकी पाच तालुके त्यात होते: भोकरदन, जालना, अंबड, मंठा आणि बदनापूर. त्या साली देशाने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला होता, त्यामुळे बदनापूरचं नाव यादीत आलं याचं नवल कुणाला वाटलं नाही. पण अशा यादीनंतर दरवेळी एक वाक्य हमखास कानावर येतं: सॅटेलाइटनं बसवलं. ज्यांचा तालुका राहून जातो ते म्हणतात, सॅटेलाइटनं मारलं. ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पहिली पायरी पावसाची आहे: सरासरीच्या तुलनेत तूट किती आणि खंड किती आठवड्यांचा. ती पार झाली तरच पुढचं बघायचं, म्हणजे पेरणीचं क्षेत्र, पिकांची हिरवाई, जमिनीतली ओल, धरणं आणि भूजल. यातली हिरवाई उपग्रहावरून मोजतात. त्यानंतर तालुक्यातली दहा टक्के गावं निवडून माणसं प्रत्यक्ष शेतात जातात आणि मग सरकार निर्णय घेतं. २०२३ च्याच नोव्हेंबरात तालुक्यांच्या यादीबाहेरची १,०२१ महसूल मंडळं ‘दुष्काळसदृश’ ठरली. सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, ही त्यांची कसोटी होती. म्हणजे मोजमापाचं एकक तालुक्यावरून मंडळावर आणलं आणि चित्र बदललं, उपग्रह तेच होते.

हिरवाई मोजायची कशी? निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंतल्या फरकावरून जो निर्देशांक निघतो त्याला एनडीव्हीआय म्हणतात. अडचण अशी, की सप्टेंबर सरताना सोयाबीनची पानं पिवळी पडून गळतात, कारण पीक काढणीला आलेलं असतं. आकडा घसरतो, पण नुकसान झालेलं नसतं. म्हणून त्याच पंधरवड्याची आधीच्या अनेक वर्षांशी तुलना करावी लागते. आंतरपीक तुरीचं असेल तर आणखी गंमत. सोयाबीन निघून जातं, ओळींतली तूर हिरवी राहते आणि उपग्रहाला दोन्हींची खिचडी दिसते. ती खिचडी निवडायला शेतात जाऊन आलेल्या माणसाची नोंद लागते.

आता दुसरा समज: सॅटेलाइटला आपलं शेत बांधासकट दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचा सर्वांत बारीक ठिपका, म्हणजे पिक्सेल, १० बाय १० मीटरचा आहे. १०० चौरस मीटर म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा, एकराला ४० ठिपके. पिकाचा अंदाज घ्यायला तेवढं चालतं, पण बांध, धुऱ्यावरचं लिंब आणि शेजाऱ्याची कपाशी एकाच ठिपक्यात येतात. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा. ३० बाय ३० मीटरचं शेततळं त्यात अगदी नीट बसलं तर एक ठिपका भरेल. भारताच्या रिसोर्ससॅटवरचा लिस-४ कॅमेरा सहा मीटरच्या आत उतरतो, पण त्याचा पट्टा अरुंद. एखाद्या शेततळ्याचं पाणी उपग्रहाला उत्तम दिसेल. ते पावसाचं साठलेलं आहे की बोअरमधून उपसून भरलेलं, हे मात्र त्याला कळायची सोय नाही. मराठवाड्यात हा फरक लहान नाही.

तिसरा समज थेट प्रक्षेपणाचा. सेंटिनेल-२ ची जोडी एका जागेवरून पाच दिवसांनी जाते, बदनापुरावर सकाळी अकराच्या सुमारास. दुपारी चारची गारपीट तिच्या गावीही नसते. दिसलेच तर पुढच्या फेरीत गारपिटीचे परिणाम दिसतात. सतत पाहतात ते इन्सॅटसारखे उपग्रह. ते ३६,००० किलोमीटरवर एका जागी थांबलेले असतात, अर्ध्या तासाला चित्र देतात, पण त्यांचा ठिपका किलोमीटरमध्ये मोजायचा. जवळून पाहावं तर रोज नाही आणि रोज पाहावं तर जवळून नाही. मोबाइलवरच्या नकाशात शेताचा फोटो दिसतो तो तर कित्येकदा वर्ष-दोन वर्षं जुना असतो.

खरिपात आणखी एक पंचाईत म्हणजे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये पीक पाहायची खरी गरज असते आणि तेव्हाच साधा कॅमेरा आंधळा होतो. यावर उपाय रडारचा. सेंटिनेल-१ २०१४ पासून ढगांतून आरपार पाहतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार गेला: नासाचं एल-बँड रडार आणि इस्रोचं एस-बँड रडार एकाच उपग्रहावर, दर १२ दिवसांनी तीच जागा. निसार पावसाचा अंदाज सांगणार, असं काहींना वाटतं. तसं नाही. तो जमिनीची हालचाल, ओल आणि पिकाची ठेवण टिपतो.

‘इस्रो असताना परक्यांचं कशाला?’ हा प्रश्न अभिमानातून येतो, पण पावसाला सरहद्द नसल्याने कुठल्याच देशाचं एकट्याने भागत नाही. अमेरिका आणि जपानने २०१४ मध्ये जीपीएम हा पाऊस मोजणारा उपग्रह सोडला. त्याच्याशी ताडून अनेक देशांच्या उपग्रहांची मापं एका मापात आणली जातात. भारत आणि फ्रान्सने २०११ मध्ये सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्सची मापंही त्या जाळ्यात जात होती. बदनापूरच्या पावसाच्या त्या जागतिक आकड्यात थोडा वाटा आपलाही होता, असं म्हणायला हरकत नाही. मात्र त्या आकड्याची चौकट सुमारे ११ किलोमीटरची, म्हणजे अनेक गावं एकाच घरात. सोमठाण्यासारख्या एका गावावर धो धो कोसळून शेजारच्या शिवारात भुरभुर, हे त्यात सरासरी होऊन जातं. म्हणून राज्यात महसूल मंडळांवर महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. उपग्रह पर्जन्यमापकाला सुट्टी देत नाही, उलट त्याच्याशिवाय उपग्रहाचा आकडा तपासायचा कशाशी?

हा डेटा गुप्त आणि महाग असतो, हाही जुनाच ग्रह. लँडसॅटच्या एका दृश्याला एके काळी सुमारे ६०० डॉलर मोजावे लागत; २००८ पासून ते फुकट आहे. सेंटिनेल पहिल्यापासून खुला. मार्च २०१८ मध्ये युरोपीय आयोग आणि भारताचा अंतराळ विभाग यांच्यात देवघेवीचा करार झाला: त्यांचा सेंटिनेल, आपल्या उपग्रहांची निरीक्षणं. म्हणजे हे दान नाही, व्यवहार आहे, आणि तसाच तो असावा.

बोअर कुठे घ्यायचा हे उपग्रह सांगेल का? अमेरिका आणि जर्मनीच्या ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजून भूजलाची घट दाखवली, पण ती शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यांची. काळ्या पाषाणात भेगा कुठे असाव्यात याचा माग उपग्रहचित्रांवरून काढता येतो. त्या भेगेत पाणी आहे का, हे चित्र सांगत नाही; परिसरातल्या पाण्याची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर सांगते.

सगळ्यात कडू समज विम्याचा. देशपातळीवर पीक विम्यात २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज तंत्रज्ञानाने काढायला सुरुवात झाली; सोयाबीन २०२४ च्या खरिपात आलं. या अंदाजाला किमान ३० टक्के वजन, उरलेलं पीक कापणी प्रयोगाला. उपग्रहाचा अंदाजही तुमच्या गटाचा नसतो, विमा घटकाचा, म्हणजे सहसा महसूल मंडळाचा असतो. तुमची पाच एकर पार गेली आणि मंडळाची सरासरी तरली, तर या हिशेबात भरपाई येत नाही. हा नियमाचा दोष म्हणा, त्यावर भांडा. उपग्रहावर राग काढला तरी नियम तसाच राहतो.

दुष्काळाशी जुळवून घेण्याचं काम तर आकाशात होतच नाही. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जालनाही होता. आयआयटी मुंबईने त्यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली: पाऊस किती, वाहून किती गेला, जमिनीत किती मुरला, पिकाला किती लागला. नकाशे उपग्रहाचे, पण हिशेब मांडायचा गावाने. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची बीडीएन-७११ ही पांढरी तूर लवकर तयार होते आणि शेवटच्या पाण्याच्या ताणातून निसटते. पाऊस कधी आटोपतो याची वर्षानुवर्षांची नोंद आणि असा वाण एकत्र आले, तरच त्या नोंदीचा उपयोग.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर सेंटिनेलची चित्रं दाखवणारा कोपर्निकस ब्राउझर मोबाइलवरही उघडतो, फुकट. बदनापूर शोधा, २०२२ चा आणि २०२३ चा ऑक्टोबर शेजारी लावा. त्यावर गट क्रमांक लिहिलेले नसतात, त्यासाठी महाभूनकाशा हे संकेतस्थळ वेगळं उघडावं लागेल.